थोरलीतली हवा

मलकापूर,
शुक्रवार, १२ एप्रिल १९६८

प्रिय कडूबा,

त्या दोन हवेच्या टाक्या आपल्याला खऱ्या कितीला पडल्या, याचा हिशेब काल पहिल्यांदा नीट मांडला. तुझी बैलजोडी गेली, ती धर. माझी स्टेशनासमोरची चहाची टपरी गेली. पुष्पाच्या पाटल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी करून देतो म्हणालो ते तसंच राहिलं. मुंबईच्या दुकानदाराने पावतीवर जो आकडा टाकला त्यात एवढं सगळं बसतं. पावतीबाहेरचं पुढे आहे. तुझंमाझं बोलणं गेलं. पुष्पाचा माझ्यावरचा भरवसा गेला. आणि हिशेब अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

अक्षर ओळखून तू कागद चुलीत घालायला निघशील. घाल, पण वाचून घाल. सोमवारी तू उकंडरावाच्या विहिरीत उतरणार आहेस आणि थोरली टाकी पाठीवर बांधून उतरणार आहेस, हे मला कळलं आहे. उतरू नकोस, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पण नुसतं एवढंच लिहिलं तर तू मुद्दाम उतरशील, हेही मला ठाऊक आहे. तुला मी आज ओळखतो का? तेव्हा पहिल्यापासून सांगतो. वेळ लागेल. बसून वाच.

मला कळलं ते असं. मंगळवारी एस.टी. स्टँडवर पार्सल घ्यायला गेलो होतो. मागच्या बाकावर तुमच्या सोनाळ्याचे दोघे बसले होते, बोलण्यावरूनच कळलं. एक म्हणाला, "उकंडरावच्या विहिरीत पंपाचा फूटवॉल अडकला ना, कडूबा उतरून राह्यला सोमवारी." दुसरा म्हणाला, "हवा कुठून आणीन बे तो? मशीन त मलकापूरवाल्यापाशी हाय." तर पहिला हसून म्हणतो, "त्याले काय लागते हवा! त्याची टाकी अजून भरेल हाय. लग्नातल्या शालूवानी जपून ठेवली त्यानं. एक फुंकर सांडू देली नाई. दर दसऱ्याले काटा लावून पाह्यते, काटा जागचा हालत नाई." मग माझं नाव निघालं. "तो मोतीराम पेऊन उतरला व्हता, मनून बुडाला. टाकी बिचारी काय करीन?" मी पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. इतक्या वर्षांनी ते वाक्य पुन्हा ऐकलं आणि खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. भीती वाटली. कशाची, ते तेव्हा मलाही उमगलं नव्हतं.

माझे कान तुला माहीत आहेत. कापसाच्या बाजारात हमाली करत होतो तेव्हापासूनचे ते. दलाल लोक रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, तोंडाने चकार शब्द नाही. बाकीचे हमाल रुमालाकडे बघत बसायचे. मी त्यांच्या श्वासाकडे कान लावायचो. भाव पडायच्या आधी माणूस श्वास रोखतो. त्या कानांवर मी हमालीतून टपरीत आलो, टपरीतून विहिरीत बुड्या मारायला आलो आणि आज हायवेवर पंपाचं दुकान टाकून बसलोय. इंजिन दारातून आत येण्याआधी त्याचं कुठे दुखतंय ते मी सांगतो, असं गिऱ्हाईकं म्हणतात, आणि मी त्यांना म्हणू देतो.

मुंबईला त्या भंगार बाजारात आपण उभे होतो, आठवतं? बाहेर पाऊस, आत तेलाचा वास, आणि जहाजांवरून उतरवलेल्या टाक्यांची ओळ. रंगवलेल्या टाक्या स्वस्त होत्या. तू म्हणालास, "ह्या घेऊ, काळ्याभोर दिसतेत." मी म्हणालो, रंगाखाली काय दडलंय ते दिसत नाही, जस्ती घेऊ. जस्ताला लपवाछपवी जमत नाही. घासलं गेलं की दिसतं, फुगलं की दिसतं. घरातली जस्ती बादली वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही तशीच असते, हा आपला दोघांचाही अनुभव. मग मी एकेका टाकीला बोटाच्या पेराने वाजवत गेलो. दोन बद्द वाजल्या, त्या बाजूला सारल्या. एक किणकिणली पण आवाज लवकर मेला, तीही सारली. शेवटी ह्या दोन निघाल्या, एक थोडी मोठी, एक थोडी लहान. वाजवल्या की आवाज खांद्यापर्यंत चढायचा आणि बराच वेळ राहायचा, देवळातल्या घंटेसारखा. तिथल्या तिथे आपण त्यांची नावं ठेवली. थोरली आणि धाकटी. तू दुकानदाराला म्हणालास, "आमच्या मोतीरामचे कान हायेत, तुमचं मशीन नको." आणि मीही छाती फुगवून म्हणालो की टाकीच्या पोटात काय आहे ते मला बाहेरून कळतं. हे वाक्य मी नंतर गावोगाव सांगितलं. विहिरीच्या काठावर माणसं जमली की आधी टाकी वाजवून दाखवायचो, मग उतरायचो. लोकांना आवडायचं.

तो दुकानदार जहाजावरून निवृत्त झालेला माणूस होता. त्याने आपल्याला बरंच सांगितलं. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली दाबचाचणीची तारीख दाखवली. टाकी उभीच ठेवायची, म्हणाला. बुडाचं लोखंड जाड असतं, चुकून थेंब राहिला तर तो तिथे बसेल. बुडाचा रबरी बूट काढून पुसायचा, पाणी तिथे लपतं. पूर्ण रिकामी कधी करायची नाही, थोडा दाब ठेवायचा म्हणजे बाहेरची ओल आत शिरत नाही. आणि भरून ठेवून महिनोन् महिने विसरायची नाही. शेवटी माझ्या दंडाला धरून म्हणाला, "साल में एक बार मुंडी खोल के अंदर बत्ती डालना, सेठ. बाहर का जस्ता मत देखो. अंदर कोरा लोहा है." मी मान डोलावली. गाडीत तू म्हणालास, "लय शिकवते बे तो," आणि आपण हसलो. बूट पुसणं, उभी ठेवणं, गोड्या पाण्याने धुणं, हे आपण नेमाने केलं. कापड वेगळं ठेवलं होतं आपण त्यासाठी. टाकीच्या तोंडावरची मुंडी मात्र एकदाच उघडली. तीही बत्ती टाकायला नाही.

आता इथून सावकाश वाच.

टाक्या आणल्या आणि पहिला दसरा आला. तुझ्या अंगणात शेणसडा, रांगोळी, नांगर-वखर धुऊन मांडलेले, त्यांच्या शेजारी पाटावर थोरली आणि धाकटी, झेंडूच्या माळा घातलेल्या. तुझी माय, जनकाबाई, ओवाळून झाल्यावर म्हणाली की ही लेकरं पाण्यात उतरणार, तर आधी यांच्या पोटात आपल्या विहिरीचं तीर्थ गेलं पाहिजे, म्हणजे पाणी यांना परकं मानणार नाही. किती छान वाटलं होतं ते सगळ्यांना. मला तर जास्तच, कारण मला माय नाही, आणि ती मलाही लेकरूच म्हणायची. मी हौसेने पाना लावून दोन्ही मुंड्या सोडवल्या. तुझ्या खालच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी तू तांब्यात आणलंस. मायने हळदीकुंकू टाकलं, आणि पळीपळीने नाही, भरल्या हाताने ओतलं. निम्मा तांब्या थोरलीत, निम्मा धाकटीत. मी मुंड्या पुन्हा आवळल्या. त्याच दिवशी मायच्या पायाला हात लावून मी शपथ घेतली की पुन्हा दारूला शिवणार नाही. धंद्यात भागी करायची तर ही तुझी अट होती, आणि रास्त होती.

खालच्या मळ्यातली विहीर खारी आहे, कडूबा. जनावरं सुद्धा ते पाणी नाक मुरडून पितात. त्या पाण्यात मोटेचं लोखंड किती टिकायचं ते तुला मी काय सांगू.

ते साल आपलं होतं. हिवाळा, उन्हाळा, एकही आठवडा रिकामा गेला नाही. टाकी आज भरायची, उद्या-परवा संपवायची, पुन्हा भरायची. हवा टाकीत बसून राहतच नव्हती. म्हणून काही झालं नाही, हे आता कळतंय. मग पाऊस लागला, विहिरी काठोकाठ झाल्या, काम बंद. दोन्ही टाक्या तोंडोतोंड भरून आपण तुझ्या माजघरात उभ्या केल्या. दुकानदाराचं मला आठवलं होतं. मी म्हणालोही, अर्ध्या करून ठेवू का? तू म्हणालास, "दसऱ्याले रिकामी वस्तू देवापुढं ठेवतेत का बे? भरेलच पूजू." मला पटलं. माझ्याही घरात कणगी, डबा, घागर, काही रिकामं ठेवत नाहीत सणाला. म्हणजे हे तुझं एकट्याचं नव्हतं.

दिवाळीनंतर देऊळघाटचं काम आलं, इंजिनाचा पाइप विहिरीत पडला होता. निघायच्या आधी काटा लावला तर दोन्ही टाक्यांचा दाब थोडा उतरलेला. जोड चाचपले. मी मुंडीला कान लावून बसलो. हौदात बुडवून पाहिल्या, एक बुडबुडा नाही. हवा गळली नव्हती आणि तरी कमी झाली होती. तू म्हणालास काटा म्हातारा झाला. मी टाक्या वाजवल्या. खणखणीत. म्हणालो, चल.

त्या विहिरीवर पंचवीस-तीस माणसं जमली होती. आपल्या रिवाजाप्रमाणे तू कंदील दोरीला बांधून पाण्यापर्यंत सोडलास. ज्योत स्थिर राहिली. विहिरीतली हवा कंदिलाने तपासल्याशिवाय आपण कधी कुठे पाय टाकला नाही. तुझ्या बापाने तुला शिकवलं, तू मला. मग मी थोरली पाठीवर घेतली आणि उतरलो.

पाण्याखाली काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. गुदमरलो नाही, कडूबा. तेच तर. नळीतून हवा नेहमीसारखी मऊ येत होती, हवी तेवढी. पाच-सात श्वासांत पाण्याचा हिरवा रंग उडाला, सगळं राखी दिसायला लागलं. कानात लांबच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यासारखी घरघर सुरू झाली. मला वाटलं पुष्पा जेवायला हाक मारतेय, आणि खूप बरं वाटलं. एवढंच. दोर ढिला पडलेला तुला कळला आणि तू ओढलंस. दुसरा कोणी असता तर अजून थोडी वाट पाहिली असती. मी आज जिवंत आहे तो तुझ्या हातांमुळे. हे मी पुष्पाला सांगितलं, दुकानात सांगतो, तुला मात्र आज सांगतोय.

शुद्धीवर येताना आधी कान जागे झाले. डोळे उघडत नव्हते, पण तुझा आवाज आला. "काटा पाहा. टाकी भरेल हाय. हवा चांगली हाय, म्या वास घेऊन पाह्यला." मग तू वाकलास, माझ्या तोंडाचा वास घेतलास, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "पेऊन उतरला रे हा. मायची शपत मोडली यानं." तू दोर सोडवत होतास तेवढ्या वेळात कोणा भल्या माणसाने मला ऊब यावी म्हणून मोहाची दारू तोंडात ओतली होती. मला घशात तिची आग जाणवत होती. हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आता असंच मनशीन तू." मग माझंही डोकं फिरलं. टाकी चांगली, हवा चांगली, विहीर चांगली, मग वाईट उरलो तो मीच ना? मी स्वतःला विचारून थकलो. हृदयाचा झटका असेल म्हणून अकोल्याला जाऊन तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, बैलासारखं आहे.

मग वाटणी झाली. भाऊ शेत वाटतात तशी आपण जोडी वाटली. हवा भरायचं मशीन मला आलं. टाकी कुठली घेतोस विचारलं तर तू थोरलीवरच हात ठेवलास. चारचौघांत म्हणालास की माणूस दगा देईल, ही देणार नाही, आणि मी हिच्यातली हवा जपून ठेवीन, लागेल तेव्हा मीच उतरून दाखवीन. मी धाकटी उचलली आणि आलो. त्यानंतर मी पाण्यात उतरलो नाही. धाकटी भरलेली होती तशीच दुकानाच्या मागच्या खोलीत देव्हाऱ्याखाली उभी केली. दर दसऱ्याला हळदकुंकू लावत आलो. तुझ्यासारखंच.

पुष्पाचं थोडं सांगतो, मग पुढे जातो. ती मला कधी काही बोलली नाही. पण मी दुकानातून आलो की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने जवळ यायची आणि हळूच श्वास ओढायची. रोज. मला ऐकू यायचं. मी आधी चिडायचो, मग सवय झाली. मग तर दारातच तोंड उघडून उभा राहायला लागलो, म्हणायचो, घ्या बाई, हजेरी घ्या. ती हसायची, पण वास घ्यायचीच. गेल्या श्रावणात गेली. शेवटच्या आजारात मी तोंडाशी वाकून पाणी पाजत होतो, तेव्हाही तिने श्वास ओढलेला मला ऐकू आला. तेराव्याला तू आलास, मांडवाच्या कडेला उभा राहिलास, पानावर बसला नाहीस. मी पाहिलं. आलास हे मनात ठेवलं आहे.

आता बुधवारचं. तुझं ऐकून आल्यापासून मला चैन नव्हती. म्हटलं, कडूबाची हवा फार जुनी, आपण धाकटी रिकामी करून ताजी भरू आणि पार्सलने पाठवून देऊ. तो घेणार नाही, पण निदान पाठवू. म्हणून मागच्या कोनाड्याएवढ्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन धाकटीच्या मुंडीची चावी अगदी थोडी सोडली आणि सूं आवाज ऐकत शेजारी बसलो. वर देव्हाऱ्यात समई लावलेली होती. थोड्या वेळाने पाहतो तर समई बारीक झालेली. वाऱ्याने फडफडली नाही, नुसती बारीक होत गेली आणि विझली. तेल भरपूर होतं. मी उठायला गेलो तर भिंती राखी दिसल्या आणि कानात ती घरघर आली, लांबच्या जिनिंगची. मी ती दुसरीकडे कुठेही ऐकलेली नाही, कडूबा. आयुष्यात एकदाच, देऊळघाटच्या विहिरीत. कसाबसा दार ढकलून अंगणात येऊन पडलो.

सावरल्यावर घरातला मोठा रांजण अंगणात आणला. धाकटीला रबरी नळी लावून टोक रांजणाच्या तळाशी सोडलं, तोंडावर कापड टाकलं, हळूहळू हवा भरू दिली. मग नळी बंद केली, थोडा थांबलो, आणि तारेला बांधून पणती आत सोडली. काठाखाली गेली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मग रांजण उपडा करून वारा लागू दिला आणि मशीनमधली ताजी हवा तशीच भरली. पणती तळापर्यंत जळत गेली. विहिरीच्या हवेत आपण जन्मभर कंदील सोडला, आणि पाठीवरच्या हवेत एकदाही सोडला नाही.

काल शाळेतले महादेवराव मास्तर त्यांचा पंप न्यायला आले तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी फार कौतुक केलं नाही. म्हणाले, यात नवल काय, लोखंड गंजतं म्हणजे हवेतला जिवंत भाग, प्राणवायू, खातं, आठवीच्या पोरांना आम्ही ओला लोखंडी कीस उपड्या ग्लासात ठेवून दाखवतो, पाचवा हिस्सा हवा नाहीशी होते, उरलेल्यात काडी विझते. आणि खारं पाणी असेल तर काम लवकर होतं. मग मला तो उतरलेला काटा आठवला. हवा बाहेर गेली नव्हती. लोखंडाने आतल्या आत खाल्ली होती. आणि त्यानंतर तुझा काटा दर दसऱ्याला जागच्या जागी राहतो, कारण खाण्यासारखं आत काही शिल्लकच नाही. मास्तर गेल्यावर मी धाकटीची मुंडी काढली आणि ती आडवी केली. लाल पाणी आलं, मग विटेच्या चुऱ्यासारखा चिखल. बल्ब आत सोडून पाहिलं. बाहेर जस्त अजून चांदीसारखं आहे. आत बोट लावलं तर पापुद्रे सुटतात.

थोरलीत तेच पाणी आहे. तोच तांब्या होता.

आता ऐक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ते मी मागतही नाही. तुझा रांजण घे, नळी घे, पणती घे, आणि कोणी नसताना अंगणात, उघड्यावर, मी सांगितलं तसं करून बघ. तोंड लावू नकोस, वास घ्यायला वाकू नकोस. पणती जळत राहिली तर मला खोटा म्हण आणि खुशाल उतर. विझली तर मुंडीची चावी सोडून सगळी हवा वाऱ्यावर जाऊ दे. उकंडरावाच्या कामाची काळजी करू नकोस. रविवारी मी ट्रकवर चेनपुली आणि तिपाई घेऊन येतोय. फूटवॉल पाइपासकट वरून ओढू, कोणी उतरायची गरज नाही. लोकांना मी सांगेन की कडूबानेच बोलावलं. विहिरीवर मी टाकीचं नाव काढणार नाही. मागच्या वेळी माणसांसमोर बोलणं झालं म्हणून इतकी वर्षं गेली, आणि माणसांसमोर मी तुला आता थांबवलं तर तू माझ्या डोळ्यांदेखत उडी घेशील. म्हणून कागद आधी पाठवतोय, सोनाळ्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात, तुझ्याच हाती देण्याच्या बोलीवर.

आणि एक. मायला यातलं काही सांगू नकोस. ती आता नव्वदीला आली असेल. तिने तांब्या ओतला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी समोरच होतो. तिला विचारावंसं वाटलं की टाकी रिकामी का केली, तर सांग की मोतीराम म्हणाला, जुनी हवा देवाला चालत नाही. शपथ मोडली नव्हती, एवढं मात्र तिला सांगता आलं तर सांग. पुष्पाला सांगायचं राहिलं.

मला तुला दुसरं काही पटवायचं नाही, मी शहाणा निघालो असं तर मुळीच नाही. मुंबईच्या बाजारापासून आजवर मी ज्या कानांच्या जिवावर मिरवलो त्यांचं लिहून संपवतो. चिखल काढलेली धाकटी मी दुकानाच्या दारात उभी केली आहे. आज सकाळी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. देऊळघाटला निघताना वाजली होती तशीच वाजते, खणखणीत, खांद्यापर्यंत चढत जाते आणि बराच वेळ राहते.

तुझाच,
मोतीराम